कोंडूच्या पाठीचा धडा

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत कोंडू ऐनाच्या झाडावरून पडला. राबासाठी फांद्या तोडायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायची तर पालापाचोळा लागतो, म्हणून गावातले सगळे पुरुष कोयते घेऊन झाडांवर चढलेले असतात. कोंडूही दरवर्षी चढायचा. त्या दिवशी पायाखालची फांदी मोडली. खाली त्याची बायको गोदू मोळ्या बांधत होती. तिला धप्प आवाज ऐकू आला, पण फांदीच पडली असेल असं वाटून तिने मान वर केली नाही.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मणका गेला. कमरेखाली आता काही कळणार नाही, हलणार नाही. परत पाठवताना तिथल्या एका नर्सने गोदूला समोर बसवून सांगितलं, "यांना एका कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही. दर दोन तासांनी वळवा. पाठ, कंबर, टाचा रोज बघा. लाल दिसलं तर तिथं भार देऊ नका." गोदूने मान डोलावली. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. मुलगी रंजिता तिसरीत होती.

त्यांचं घर कोशिंबपाड्यात, किन्हवलीहून आत डोंगराच्या अंगाला. कोंडूची बाज ओटीवर टाकली, म्हणजे येणारं-जाणारं दिसेल आणि वारा लागेल. शेती दीर भिमा करू लागला, अर्धं भात इकडे, अर्धं तिकडे. गोदू निंदणीला जाई ती जवळच्याच शेतात, आणि मधेच विळा टाकून घरी येई. कोंडूला वळवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, पुसून कोरडं करायचं, की पुन्हा शेतात. लग्नाला गेली तर जेवण झाल्या झाल्या निघायची. माहेरी मुक्काम केला नाही. लोक सुरुवातीला म्हणायचे, गोदूचं कठीण आहे. मग म्हणायचंही बंद झालं. बाज ओटीवर असते, तिच्यावर कोंडू असतो, गोदू त्याला वळवते, हे गावाला नदी-डोंगरासारखं झालं.

ती फार गोड बोलायची अशातला भाग नाही. थकली की त्याला जरा जोरातच ढकलायची. कोंडू कधी कधी म्हणायचा, "पोतं नाय गो मी." ती म्हणायची, "पोतं बरं, एकदा थप्पीला लावलं की झालं." तो पडल्या पडल्या गावाच्या चिंचा फोडून द्यायचा, रंजिताचे पाढे घ्यायचा. पूर्वी बोलका होता. हळूहळू बोलणं कमी झालं.

अशी आठ वर्षं गेली आणि त्याच्या पाठीवर कधी एक फोडसुद्धा आला नाही.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात चिकनगुनिया आला. एकेका घरातली सगळी माणसं झोपली. ताप दोन-चार दिवसांत उतरायचा, पण सांधे धरायचे. भिमाच्या घरात भिमा, त्याची बायको सकुबाई, दोन्ही मुलं, सगळीच पडलेली. रंजिता तेव्हा अकरावीला, शहापूरला मामेबहिणीकडे राहून शिकत होती. गोदूने तिला निरोप धाडला, इकडे येऊ नको, तुलाही धरेल.

मग गोदूला धरलं. ताप गेला तरी हातांची बोटं सुजून राहिली. मूठ मिटेना. भाकरी थापता येईना, कळशी उचलता येईना. कोंडूला वळवायचं म्हणजे एक हात त्याच्या खांद्याखाली आणि एक मांडीखाली घालून उचलायचं असतं. ती हात घालायची, पण जोर लावला की मनगटातून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे काळं व्हायचं. ती त्याला थोडा हलवायची आणि म्हणायची, "आता ऱ्हा असेच." दिवसातून दोनदा, कधी एकदा.

कोंडूला दुखत नव्हतं. त्याला तिथं काही कळतच नव्हतं. आधी वास आला. गोदूने पंधरवड्यानंतर त्याला नीट कुशीवर केलं तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, मधे काळी.

मुरबाडच्या रस्त्याला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. भिमाने जीप ठरवून तिथं नेलं. तिथल्या मुख्य नर्स तारमळे सिस्टर. चाळिशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, दोन वॉर्डांमागे एकट्या. त्यांनी जखम पाहिली, साफ केली, आणि गोदूला काही बोलल्या नाहीत. न बोलणं गोदूला जास्त लागलं. ती आपणहून म्हणाली, "मला ताप होता." सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांनाच होता, बाई." त्यांना तेवढंच बोलायला वेळ होता.

काही दिवसांनी सिस्टर कोंडूच्या खाटेजवळ आल्या. हॉस्पिटल एक नवा कोर्स सुरू करत होतं. खेड्यापाड्यांतल्या मुलींना रुग्णसेवेचं शिक्षण. शिकवायला रोज कोण येणार, म्हणून धडे कॅमेऱ्यावर घेऊन इंटरनेटवर ठेवायचे, आणि मुलींनी आपापल्या गावाजवळच्या कॉम्प्युटर क्लासात बसून ते पाहायचे, अशी योजना होती.

"तुमच्या जखमेचं शूटिंग केलं तर चालेल का?" सिस्टरांनी विचारलं. "अशी जखम पुस्तकात वाचून कळत नाही. तोंड दिसणार नाही. नाव येणार नाही."

कोंडू म्हणाला, "घ्या. पाठच तर हाय. मी तरी कुठं पाहिलीय ती."

गोदूने सही केली. बोटांत पेन धरवत नव्हतं, म्हणून वेळ लागला.

शूटिंगला मुरबाडचा दामू आला. त्याचं मूळ काम लग्नांचं. नवरा-नवरीच्या भोवती हृदयाच्या आकाराच्या चौकटी टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नुकताच त्याने कॅसेटवाला मोठा कॅमेरा विकून छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता. जखम पाहून तो आधी बाहेर जाऊन उभा राहिला. मग आला आणि कामाला लागला. "वहिनी, तुमी दादांना वळवा, तसं येऊ दे. सावकाश. हात तेवढे दिसतील," असं म्हणत त्याने घेतलं. पुढे महिनाभर तो दर आठवड्याला यायचा, म्हणजे जखम भरत कशी येते तेही दिसेल.

एकदा शूटिंग झाल्यावर कोंडू म्हणाला, "मला दाखव की रे."

दामूने सिस्टरांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याचा छोटा पडदा उलटा फिरवून कोंडूच्या तोंडापुढे धरला. कोंडूने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "एवढी?"

"आधी याच्यापेक्षा मोठी होती, दादा. आता कमी हाय."

कोंडूने मान वळवून गोदूला विचारलं, "हे तू रोज धुतीस?"

"मग कोण धुईल?" गोदू म्हणाली आणि गॉजचं पाकीट आणायला गेली.

जखम भरायला दिवाळी उलटून गेली. ती दोघं घरी आली. गोदूची बोटं हळूहळू मिटायला लागली, तरी पहाटे आखडलेलीच असायची.

रंजिता बारावी झाली. पुढच्या कॉलेजचं काही जमण्यासारखं नव्हतं. तपासणीसाठी गेले असताना तारमळे सिस्टरच म्हणाल्या, "मुलीला आमच्या कोर्सला घाला. बापाचं एवढं पाहिलंय, तिला कठीण जाणार नाही." गोदूला बरं वाटलं. रंजिताने नाव घातलं.

आठवड्यातून एक दिवस हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम, आणि बाकी दिवस शहापूरला एस.टी. स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात धडे. सहा-सात मुली, कानाला हेडफोन लावून. लोडशेडिंगची वेळ टाळून बसावं लागे. नेट कधी रांगायचं; पडद्यावर बराच वेळ नुसतं गोल फिरत राही आणि नर्सचा हात सुईसकट हवेत थांबलेला असे. मुली तोवर डबा खाऊन घ्यायच्या. तरी रंजिताला ते आवडायचं. एखादी गोष्ट कळली नाही तर मागे नेऊन पुन्हा पाहता यायची. पुन्हा विचारलं म्हणून कोणी रागवत नव्हतं.

आठव्या धड्याला तिने पडद्यावर एक गोधडी पाहिली. निळ्या परकराचा तुकडा, त्याला लाल टाके. ती गोधडी तिच्या घरची होती. मग आईचे हात आले आणि बापाची पाठ आली.

आवाज शहरातल्या कोणा माणसाचा होता, स्वच्छ, रेडिओवर असतो तसा. तो म्हणाला, "ही जखम म्हणजे घरच्या माणसांच्या दुर्लक्षाचा परिणाम आहे. नातेवाइकांनी वेळोवेळी कूस बदलली असती, तर रुग्णावर ही वेळ आली नसती."

धडा संपल्यावर प्रश्न यायचे. बरोबर उत्तर दिल्याशिवाय पुढचा धडा उघडत नसे. प्रश्न होता, या रुग्णाला जखम होण्याचं मुख्य कारण कोणतं. रंजिताने 'अपुरा आहार' वर टिचकी मारली. लाल फुली आली आणि धडा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा गोधडी, पुन्हा हात, पुन्हा तो आवाज. तिने 'वाढलेलं वय' निवडलं. पुन्हा फुली. शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, दुर्लक्ष. त्यानं सांगितलं ना मघाशी." रंजिताने ते निवडलं. हिरवी खूण आली.

त्या शनिवारी ती घरी आली ती थेट बापाजवळ जाऊन त्याला वळवू लागली. गोदू म्हणाली, "आता तर केलाय गो मी." रंजिताने तरी त्याला वळवलंच. संध्याकाळी चुलीपाशी तिने सांगितलं. आधी अर्धवट, मग सगळं.

गोदू भाकरी उलटत होती. "काय शब्द बोलला तो?"

"दुर्लक्ष."

"आणि तू काय उत्तर लिवलंस?"

"तेच. त्याबिगर पुढं जाताच येत नव्हतं, आये."

गोदूने भाकरी शेकली, टोपलीत टाकली, दुसरी थापायला घेतली. "बरं केलंस," ती म्हणाली. "पास तर व्हायला पायजे."

तिला राग आला असता तर रंजिताला सोपं गेलं असतं. पण गोदू पुढचे कितीतरी दिवस नुसती थकल्यासारखी वागत होती. कामं सगळी व्हायची. मधेच ती थांबायची आणि आपण कशाला उठलो होतो ते विसरायची. शेवटी एका सोमवारी तिने सकुबाईला कोंडूजवळ बसवलं आणि शहापूरची एस.टी. धरली.

कॉम्प्युटर क्लासात लाइट नव्हती. ती बाकावर बसून राहिली. लाइट आल्यावर रंजिताने धडा लावला आणि आईच्या कानाला हेडफोन लावून दिला. गोदूने सगळा धडा पाहिला. कोंडूची पाठ तिला पाठ होती, तिच्याकडे तिने फारसं पाहिलं नाही. ती आपल्या हातांकडे पाहत होती. बोटं केळ्यासारखी सुजलेली, मूठ न मिटलेली. ती त्याला तळहातांनी नव्हे तर मनगटांनी, कोपरांनी ढकलत होती. ते पडद्यावर धडधडीत दिसत होतं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर तिने हेडफोन काढून ठेवला आणि दुपारची गाडी धरून परत आली.

त्याच आठवड्यात ती हॉस्पिटलात गेली. तारमळे सिस्टर जेवत होत्या. त्यांनी डबा बाजूला केला.

"जेवा तुमी," गोदू म्हणाली. "मी धडा पाहिला. माझं दुर्लक्ष झालं म्हणतात."

सिस्टरांना लगेच कळलं. त्या म्हणाल्या, "मजकूर मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून पाठवला. आवाजही तिकडचाच. मी ऐकलं होतं. मला खटकलंही होतं, गोदूबाई. पण धडे चढवायची घाई होती, आणि मी एकटी."

"जखम माझ्या हाताखाली झाली. ते खोटं नाय. पण त्या धड्यात माझे हात हायेत. तुमी हात पाहिले का?"

सिस्टर उठून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गेल्या. हॉस्पिटलात नेट बरं चालायचं. त्यांनी धडा लावला आणि या वेळी हात पाहिले. थोड्या वेळाने चष्मा काढून पदराने पुसला.

"काढून टाकू का तो?" त्यांनी विचारलं.

गोदू उभ्या उभ्याच विचार करत राहिली. "काढू नका. पोरींना जखम बघायला पायजे. तेवढा शब्द बदला."

"शब्द बदलायचा तर दुसरं काहीतरी सांगायला हवं तिथं. तुम्ही सांगाल? दामूला पाठवते."

"मला नाय जमणार," गोदू म्हणाली. "मला बोलायचा कंटाळा आलाय."

घरी येऊन तिने कोंडूला हे जेवताना सांगितलं. धड्यात काय म्हटलंय ते तोवर त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने घास खाली ठेवला. मग म्हणाला, "दामूला म्हणावं, मी बोलतो."

दामू कोशिंबपाड्याला मोटारसायकलवरून आला. बरोबर सिस्टरही आल्या, हॉस्पिटलच्या गाडीने. कोंडूने दाढी करून घेतली होती. दामू म्हणाला, "दादा, तोंड नको असेल तर मागून घेतो."

"नको. तोंडच घे. पाठ लोकांनी पाहिलीय."

गोदू बैलांना वैरण टाकायला म्हणून मागच्या दारी गेली. कुडाची भिंत मधे होती, त्यामुळे ऐकू येत होतं सगळं.

कोंडू थांबत थांबत बोलला. "ती पाठ माझी हाय. आठ वर्षं मी असा पडून होतो आणि मला काय झालं नव्हतं, कारण माझी बायको मला वळवायची. मग तिला चिकनगुनिया झाला. तिची मूठ मिटत नव्हती. घरात दुसरं कोण नव्हतं. शेजारीपण पडलेले." इथं तो थांबला. दामूने कॅमेरा चालूच ठेवला. "एक सांगायचं तर, मला तोंड होतं. रस्त्यानं जाणारा एखादा बरा माणूस मी हाक मारून बोलावला असता. म्हटलं असतं, हिला जरा हात लाव. मी नाय बोललो. मला दुखत नव्हतं, म्हणून मी गप ऱ्हायलो. तिला काय दुखतंय ते मी इचारलं नाय." मग म्हणाला, "झालं. बंद कर."

मागच्या दारी गोदू वैरणीची पेंढी हातात धरून उभी होती. सिस्टर निघताना तिला शोधत मागे आल्या, पण तिचं तोंड बैलांकडे होतं, म्हणून तशाच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूने कोंडूला वळवायला हात घातला तेव्हा त्याने विचारलं, "आज हात कसं हायेत?" ती म्हणाली, "हायेत तसंच." पुढे तो हे रोज विचारू लागला आणि ती रोज बहुधा तेच उत्तर देत असे.

नवा धडा इंटरनेटवर चढायला चार-पाच महिने लागले. मुंबईचे डॉक्टर आधी म्हणाले, धडा लांबतो. सिस्टरांनी तो लांबू दिला. प्रश्नही बदलला. आता विचारलं जायचं, सांभाळणारं माणूसच आजारी पडलं तर कोणती सोय करावी. पण ज्या केंद्रांना नेट नव्हतं तिथं जुना धडा सी.डी.वर आधीच गेला होता. त्या परत मागवल्या तरी सगळ्या आल्या नाहीत. कुठल्यातरी गावात कोणी मुलगी अजूनही 'दुर्लक्ष'वर टिचकी मारत असेल, असं सिस्टरांनी रंजिताला सरळ सांगितलं.

रंजिताला कोर्स झाल्यावर वाशिंदच्या एका नर्सिंग होममध्ये नोकरी लागली. ती तिथंच खोली घेऊन राहिली, पंधरा दिवसांतून एकदा घरी येऊ लागली.

पुढच्या तुकडीतली समीक्षा नावाची मुलगी किन्हवलीची होती. मुलींना सरावासाठी घरी पडून असलेले रुग्ण नेमून दिले होते, तिच्या वाट्याला कोंडू आला. ती पहिल्यांदा आली तेव्हा वहीत काय काय लिहून घेत होती: जेवण, पाणी, औषध. मग तिने गोदूकडे पाहून विचारलं, "आणि तुम्ही दुपारी झोपता का, काकू?"

गोदूला प्रश्न कळला नाही. "कोण, मी?"

"हो. मी आहे तोवर झोपा. बाबांना मी वळवते. मला शिकायचंच आहे."

गोदू आधी नको म्हणाली. मग आत जाऊन जरा आडवी झाली. उठली तेव्हा ऊन ओटीवरून उतरलं होतं, समीक्षा निघायच्या तयारीत होती आणि कोंडू डाव्या कुशीवर होता, गुडघ्यांच्या मधे उशी घालून, व्यवस्थित.

समीक्षा दर गुरुवारी येत राहिली. मार्चमध्ये तिची परीक्षा झाली आणि तिचं येणं बंद झालं. नवी तुकडी काही भरली नाही.

दोन गुरुवार गोदूने तसेच काढले. तिसऱ्या गुरुवारी ती भिमाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती स्वतःच्या विसाव्यासाठी मदत मागायला या अंगणात कधी आली नव्हती. सकुबाई मिरच्या वाळत घालत होती.

"काय गो?" सकुबाई म्हणाली.

"दुपारची जरा येशील काय? त्यांना वळवायला. मला झोपायचं हाय."

सकुबाईने हात झटकले. "येईन की. सांगायचं नाय का आधी."

ती येते. दर गुरुवारी येतेच असं नाही. शेतीची कामं असली की राहून जातं. तेव्हा गोदू स्वतःच कोंडूला वळवते आणि ओटीच्या खांबाला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटून घेते.